धन, धान आणि हस्तर

टोल्किनची अंगठी, नार्नियातला ड्रॅगन, ‘तुंबाड’चा हस्तर... फॅण्टसीच्या दुनियेत देव लपतो तरी कुठे? भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीत, आजीच्या शेजारी बसून लॅपटॉपवर सिनेमा बघताना या प्रश्नाचं एक टोक हाती लागलं.

“सोनं कमरेले बांधून हाये त्याच्या, पन जीव पाय कसा पिठात हाये!”

हा रिव्ह्यू माझ्या आजीचा. सिनेमा : तुंबाड. स्थळ : एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. थिएटर म्हणजे आमची ओसरी, स्क्रीन म्हणजे माझा ऑफिसचा लॅपटॉप आणि पॉपकॉर्नच्या जागी मुरमुरे.

२०२४ची दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. आमच्याकडे दिवाळी संपली की मंडईचा सीझन सुरू होतो. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी खुलासा : ही भाजीमंडई नव्हे! झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर गावोगाव जी जत्रा भरते तिला मंडई म्हणतात. दिवसा पाळणे, खेळणी, खाऊची दुकानं आणि रात्री दंडार नाहीतर झाडीपट्टीचं नाटक, तेही पार पहाटेपर्यंत. नेटफ्लिक्सच्या बिंज वॉचिंगचं कौतुक आमच्या गावाला सांगू नका.

पण खरं सांगायचं तर मी मंडईसाठी गेलोच नव्हतो. काकांचा फोन आला होता. आमच्या दोन एकर धानाच्या बांधीला गिऱ्हाईक मिळालं होतं. सातबाऱ्यावर बाबांच्या पश्चात माझं नाव लागलेलं, त्यामुळे माझी सही हवी होती. माझ्या वाट्याला येणाऱ्या पैशांत पुण्यातल्या टू बीएचकेचं डाऊन पेमेंट बरोब्बर बसत होतं. सही करायला एक मिनिट लागतं. मी तीन दिवसांची रजा टाकली होती. मधल्या वेळात करायचं काय? म्हणून लॅपटॉप उघडला.

नागझिऱ्याची रात्र

‘तुंबाड’ मी सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा पाहिला होता. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये तो आला, तेव्हा ऑफिसातल्या निम्म्या लोकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा थिएटरमध्ये लागला आणि त्याच लोकांनी ग्रुप बुकिंग केलं. असो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाव कोकणातलं, काळ १९१८ ते १९४७. पूर्तीची एक देवी आहे. सोनं आणि धान्य, दोन्ही अमाप तिच्याकडे. तिचा थोरला आणि लाडका मुलगा हस्तर. त्यानं आईचं सगळं सोनं लाटलं आणि तो धान्याकडे वळला, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला वाचवलं, पण एका अटीवर : याची पूजा कधी कुणी करायची नाही. तेव्हापासून तो आईच्या गर्भात पडून आहे. सोनं आहे, पण शतकानुशतकांचा भुकेला. विनायकराव नावाचा माणूस पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, हस्तर बाहुलीवर झडप घालतो आणि तेवढ्यात विनायकराव त्याच्या लंगोटातून मोहरा ओढून घेतो. भुकेल्याला पीठ दाखवायचं आणि सोनं पळवायचं!

ही देवी कुठल्याही पुराणात नाही. हस्तर तर नाहीच. नाव ऐकून लव्हक्राफ्टच्या वाचकांचे कान टवकारतात, कारण इंग्रजी भयकथांत ‘हास्टुर’ नावाचा कुणी एक फार आधीपासून फिरतोय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अँब्रोज बीअर्सच्या कथेत तो मेंढपाळांचा साधा देव होता. पुढच्या लेखकांच्या हाती पडला आणि हळूहळू भयंकर झाला. देवाचं प्रमोशन की डिमोशन, तुम्हीच ठरवा!

आता गंमत ऐका. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी या सिनेमाच्या जन्माची जी हकिकत सांगितली आहे, ती कोकणात घडत नाही. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. रात्रीची वेळ, जंगल आणि धारप! चौदा वर्षांच्या मुलाचं काय झालं असेल? १९९७मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला खर्डा लिहिला. नागझिरा म्हणजे आमच्या साकोलीला लागून असलेलं जंगल. पिटेझरीच्या गेटमधून आत शिरायचं. कोकणातल्या त्या वाड्याचं बी आमच्या शेजारी पडलेलं होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

धारपांच्या त्या गोष्टीचं नाव ‘आजी’. हे मी माझ्या आजीला सांगितलं नाही.

धारप (१९२५ ते २००८) हे आपल्याकडचं भारीच प्रकरण. स्टीफन किंगसारख्यांच्या कल्पना त्यांनी उचलल्या आणि इतक्या अस्सल मराठी मातीत लावल्या, की ‘लुचाई’ वाचताना अमेरिका आठवतसुद्धा नाही. आणि दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या त्यांच्या नायकाचं नाव काय, तर ‘समर्थ’! मराठी माणसाला या एका शब्दात जो दिलासा मिळतो, तो दहा पानांच्या वर्णनानं मिळणार नाही. गोष्ट परदेशातून आणता येते, पण तिच्यातला धीर देणारा देव लोकल लागतो.

ऑक्सफर्डचे दोन दोस्त

फॅण्टसी आणि धर्म म्हटलं, की दोन नावं टाळता येत नाहीत. जे. आर. आर. टोल्किन आणि सी. एस. लुईस. दोघं ऑक्सफर्डचे प्राध्यापक, दोघं एकाच गप्पांच्या अड्ड्यातले. टोल्किन पक्का कॅथलिक. लुईस तरुणपणी नास्तिक. १९३१च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री टोल्किन, लुईस आणि त्यांचा आणखी एक मित्र फिरता फिरता मिथकांवर वाद घालत बसले. पुराणकथा सुंदर असतात पण खोट्या, असं लुईसचं म्हणणं. मिथकातून सत्याचाच कवडसा येतो, असं टोल्किनचं. त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. विचार करा, आपल्या कट्ट्यावरच्या वादानं कधी कुणाचं मत बदललंय का?

पण पुढे दोघांनी लिहिलं मात्र अगदी वेगळं. लुईसच्या नार्नियात (१९५० ते १९५६) देव सरळ समोर येऊन उभा राहतो. अस्लान नावाचा सिंह दुसऱ्याच्या अपराधासाठी मरतो आणि परत उठतो. ख्रिस्ताची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला हे सांगायला लागत नाही.

टोल्किननं उलट केलं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) एक देऊळ नाही, पुजारी नाही, आरती नाही. तरी १९५३मध्ये एका धर्मगुरू मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की हे पुस्तक मुळातून धार्मिक आणि कॅथलिक आहे. म्हणूनच आपण त्यातून धर्माच्या खुणा काढून टाकल्या, धर्म गोष्टीतच मुरला आहे. मुरांब्यातली साखर दिसते का? तसंच. खुणा शोधायच्याच तर तारखा बघा. अंगठीवाली मंडळी मोहिमेवर निघतात २५ डिसेंबरला आणि अंगठी नष्ट होते २५ मार्चला. २५ मार्च ही ख्रिस्ती परंपरेत देवदूतानं मेरीला बातमी दिल्याची तारीख. जुन्या समजुतीनुसार ख्रिस्ताला क्रूसावर चढवलं तोही हाच दिवस.

आणि हा पक्का कॅथलिक माणूस माल कुठून उचलतो? बुटक्यांची नावं नॉर्स पुराणकाव्यातून. शापित सोनं आणि अंगठी नॉर्स दंतकथांतून. एक अख्खी शोकांतिका फिनलंडच्या ‘कालेवाला’तून. श्रद्धा एका देवाची आणि गोष्टी सगळ्या देवांच्या. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या देवघरातही कुठून कुठून आलेले देव शेजारी शेजारी बसतात.

“मंग त्यायनं खाल्लं काय?”

हे सगळं मी आजीला सांगत होतो. म्हणजे तिच्या भाषेत. दोन ठेंगणे दोस्त, एक शापाची अंगठी, ती आगीच्या डोंगरात नेऊन टाकायची, महिनोन् महिने पायी चालायचं. आजी धान निवडत ऐकत होती. मला वाटलं, ती विचारेल अंगठीत एवढं काय होतं. तिनं विचारलं, “मंग त्यायनं खाल्लं काय?”

मी गप्प. तीन वेळा पुस्तक वाचून, एक्स्टेंडेड एडिशनच्या डीव्हीडी घेऊन, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पण उत्तर पुस्तकात आहे आणि ते भलतंच महत्त्वाचं आहे. ते खातात लेंबास, एल्फ लोकांनी दिलेली पोळी. एका तुकड्यावर दिवसभर चालता येतं. दुसऱ्या अन्नाची सरमिसळ न करता फक्त तिच्यावरच राहिलं, तर ती जास्त बळ देते. अंगठीच्या मागे लागलेल्या गॉलमला मात्र ती घशाखाली उतरत नाही. चर्चमधल्या प्रसादाच्या भाकरीची आठवण इथे अनेक वाचकांना झाली आणि टोल्किननंही ती नाकारली नाही. या अख्ख्या पुस्तकात उघडपणे धार्मिक म्हणावी अशी जवळपास एकच कृती आहे. फारामीरची माणसं जेवणाआधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर शांत उभी राहतात. शाळेत डबा उघडण्याआधी आपण हात जोडायचो, तसंच.

म्हणजे एका हातात सोनं, दुसऱ्या हातात भाकरी. मोर्डोरपर्यंत हीच लढाई आहे!

एकदा हे दिसलं, की जिथे बघाल तिथे तेच दिसतं. ‘हॉबिट’मध्ये (१९३७) थोरिन सोन्यापायी मित्राला तोडतो आणि मरताना कबूल करतो, की साठवलेल्या सोन्यापेक्षा जेवण, हसणं आणि गाणं जास्त जणांना मोलाचं वाटलं असतं, तर जग अधिक आनंदी झालं असतं. नार्नियात लुईसचा युस्टेस खजिन्यावर झोपतो आणि ड्रॅगन होऊन उठतो. मग अस्लान त्याची कातडी सोलून काढतो आणि त्याला पाण्यात टाकतो. बाप्तिस्माच की! ‘कालेवाला’त सांपो नावाची जादूची चक्की आहे. एकीकडून पीठ दळते, एकीकडून मीठ आणि एकीकडून पैसा. तिच्यासाठी लढाई होते आणि शेवटी ती फुटून समुद्रात पडते.

आणि आपल्याकडे? लक्ष्मी आहे, अन्नपूर्णाही आहे. कुबेर सगळ्या धनाचा मालक, पण वनवासात पांडवांना जगवते ती सूर्यानं दिलेली थाळी. पुरलेल्या धनावर नाग बसतो, हे तर गावातलं शेंबडं पोरही सांगेल. कणगीवर नाग बसल्याचं मात्र मी कधी ऐकलं नाही. उपनिषदात तर अन्नालाच ब्रह्म म्हटलंय. आपण ‘धनधान्य’ एका दमात म्हणतो, जणू ते एकच आहे. फॅण्टसी लिहिणारे त्यात बरोब्बर फट पाडतात आणि विचारतात, दोन्हीपैकी एकच मिळणार असेल तर?

‘तुंबाड’नं देव नवा बनवला, पण हा प्रश्न जुनाच ठेवला. म्हणून हस्तर खोटा वाटत नाही. आजीला तर तो अजिबात खोटा वाटला नाही. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाईटाची बाई बनवून, मारबत म्हणून, गावाच्या शिवेबाहेर काढतात. वाईटाला देह द्यायचा आणि मग त्याला हाकलायचं, हा फॉर्म्युला तिला बालपणापासून पाठ आहे.

तळं बांधणारा देव

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, “नवेगावले जाऊन येऊ.” कागद त्यांच्या पिशवीत होतेच. नवेगावबांध आता गोंदिया जिल्ह्यात आहे. १९९९मध्ये जिल्हा फुटला, त्याआधी ते आमच्या भंडाऱ्यातच होतं. डोंगरांनी वेढलेलं अफाट पाणी. पक्षी बघायला येणारे लोक दुर्बीण लावून बसतात. मी गोष्ट ऐकायला बसलो.

हे तळं निसर्गानं केलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं, असं सांगतात. कोहळी समाज हा आमच्या भागातला तळी बांधणारा समाज. भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात, त्यामागे त्यांचे हात आहेत. आणि ही तळी होती म्हणून धान होतं. सभोवतालच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. त्या देवींनी मदत केली म्हणून बांध उभा राहिला, अशी श्रद्धा. आणि कोलू पाटलांचं काय झालं? त्यांचा देव झाला. कोलासुर देव! एका टेकडीवर त्यांचं ठाणं आहे.

मी थक्क झालो. हाडामांसाचा इंजिनिअर, त्यानं पाणी अडवलं, पाण्यानं धान पिकवलं आणि लोकांनी त्याला देव केलं. टोल्किनला एवढी गोष्ट मिळाली असती, तर त्यानं तीन खंड लिहिले असते. खंडाच्या मागे नकाशा, परिशिष्टात वंशावळ.

आणि बघा, खजिना सापडला म्हणून कुणाला देव केलेलं नाही. तळं बांधलं म्हणून केलं. हस्तरनं धान्यावर हात टाकला म्हणून त्याची पूजा बंद झाली. कोलू पाटलांनी धानाला पाणी दिलं म्हणून त्यांची सुरू झाली. एकोडीच्या आजीनं पाच सेकंदांत जे ओळखलं, ते मला दोन जिल्हे फिरून कळलं.

आपली पिढी देवळात फारशी जात नाही. मीही जात नाही. नास्तिक वगैरे नाही, आळशी आहे. पण मध्यरात्री उठून आपण ड्रॅगनच्या सीरिज बघतो, फ्रोडोसाठी रडतो, हस्तरला घाबरतो. मला वाटतं, जे आपण पूजेत मागायचं सोडलं, ते आपण गोष्टीत मागतो. काय धरून ठेवायचं आणि काय सोडायचं, एवढंच कुणीतरी सांगा!

सही

तर कागद. परतताना काकांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मी अस्लान नाही आणि काका हस्तर नाहीत, हे आधीच सांगतो. काकांचे गुडघे गेले आहेत. रोवणीला बाया मिळत नाहीत. एखाद्या वर्षी पऱ्हे टाकले की पाऊस दडी मारतो, एखाद्या वर्षी कापून ठेवलेल्या धानावर येऊन कोसळतो. जमिनीवरचं प्रेम पुण्यात बसून करणं सोपं आहे. चिखलात उभे राहतात ते काका.

म्हणून मी भाषण केलं नाही. एवढंच म्हणालो, “एक वर्ष थांबू. बटईनं देऊ कोणाला तरी. खर्चातला माझा वाटा मी पाठवतो.” काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुया फ्लॅटचं?” मी म्हटलं, “भाड्यानं राहतोच आहे की.” गिऱ्हाईक थांबेल का, माहीत नाही. पुढच्या वर्षी मी सही करेनही. ईएमआयचा हस्तर आपल्या सगळ्यांच्याच तळघरात आहे, आणि माझा काही पिठाच्या एका बाहुलीनं शांत होणारा नाही.

निघताना आजीनं डिकीत नव्या तांदळाची चुंगडी ठेवायला लावली. हल्ली तिचा फोन येतो तेव्हा ती आधी विचारते, “त्या लंगोटवाल्याचं पुढं काय झालं?” मी सांगतो, “आजी, दुसरा भाग काढणार आहेत.”

“आन् आपल्या बांधीचं?”

तिचाही दुसरा भाग यायचाय.

सुरुवात इथून करा

द हॉबिट : छोटं, मजेदार. सोन्याचा ताप माणसाला कसा चढतो, ते थोरिनकडे बघून कळतं. मोठी अंगठी-कथा त्यानंतर. दोन्ही मराठी अनुवादात आहेत.

द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर (१९५२) : नार्नियातलं ड्रॅगन झालेल्या युस्टेसचं पुस्तक. बाकीचे भाग वाचले नसले तरी चालेल.

अ विझर्ड ऑफ अर्थसी (१९६८) : अर्सुला ले ग्विनच्या या जगात ख्रिस्ती देव नाही, चीनचा ताओ विचार आहे. आपल्याच सावलीला सामोरं जाणाऱ्या मुलाची गोष्ट. पुढे त्यांनी ‘ताओ ते चिंग’ स्वतः इंग्रजीत आणलं.

मुक्तामाला (१८६१) आणि वीरधवल (१९१३) : लक्ष्मण मोरेश्वर हळबे आणि नाथमाधव. मराठीत अद्भुत कादंबरी हॅरी पॉटरबरोबर आली, असं वाटणाऱ्यांनी जुन्या लायब्ररीत जरूर चक्कर मारावी.

नारायण धारप : ‘समर्थ’च्या कथांपासून सुरुवात करा. दिवसा वाचा.

नवेगावबांध आणि नागझिरा : नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली असा हायवे. दिवाळीनंतर गेलात तर एखादी मंडई गाठा आणि रात्रीचं नाटक चुकवू नका. स्वेटर न्या!